मुर्गाबीची चूल अंगणात

आमच्या घरात बदक कधी शिजलं नाही. शिजायचं ते अंगणात, गोठ्याच्या भिंतीलगत तीन दगड मांडून, आणि शिजवायचे पुरुष. आजीच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्यामुळे वशाटाचं पातेलं वेगळं, पळी वेगळी, वाटायचा पाटासुद्धा वेगळा. हा सगळा संसार वर्षातले सात-आठ महिने गोठ्याच्या माळवदावर उपडा पडलेला असे आणि दिवाळीनंतर कधीतरी खाली उतरे. मी आज सत्तरीची आहे, परभणीत राहते, तीस वर्षं शाळेत मुलींना गृहविज्ञान शिकवलं. पण बदक कसं शिजवतात हे मला घरातल्या एकाही बाईने सांगितलं नाही, कारण त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

मुळात आम्ही त्याला बदक म्हणतच नव्हतो. बदक म्हणजे अंकलिपीतलं, पांढरं, पिवळ्या चोचीचं. अंगणात शिजे ती मुर्गाबी. आमचा जिल्हा सव्वादोनशे वर्षं निजामाकडे होता, त्यामुळे कचेरीपासून कढईपर्यंत असे कितीतरी शब्द आमच्या तोंडात बसले ते बसलेच. मुर्ग म्हणजे पक्षी, आब म्हणजे पाणी. पाण्यावरचा पक्षी, एवढा साधा अर्थ. पण लहानपणी मला मुर्गाबी हे कुणा बाईचं नाव वाटायचं. ही बाई दर हिवाळ्यात आमच्याकडे येते आणि पुरुष मंडळी तिला अंगणातच थांबवून घेतात, आत येऊ देत नाहीत, असं काहीसं चित्र डोक्यात होतं. फार चुकीचंही नव्हतं.

आमचं गाव जिंतूर तालुक्यात, पूर्णेच्या काठी. माझे वडील, अण्णा, पशुवैद्यकीय दवाखान्यात कंपाउंडर. त्यांचे एक दोस्त परभणीला रेल्वेत होते, आम्ही त्यांना मामू म्हणायचो. मामूंकडे ठासणीची बंदूक होती. नळीत दारू भरायची, चिंध्यांचा बोळा ठासायचा, वरून छर्रे, पुन्हा बोळा, मग टोपी चढवायची. एक बार काढायला एवढा खटाटोप, आणि तो वाया गेला तर पक्षी उठून पार दुसऱ्या डोहावर. म्हणून मामू पहाटेच्या धुक्यात पाण्याच्या कडेला पालथे पडून राहत आणि थवा एका रेषेत येईपर्यंत श्वाससुद्धा जपून घेत, असं अण्णा सांगायचे.

बार उडाला की दोघेही पाण्यात धावायचे. मामूंना घाई दुहेरी असे. पक्षी जिवंत असतानाच त्याच्या मानेवरून सुरी फिरली पाहिजे, नाहीतर तो त्यांना चालत नसे. मग काठावर वाटणी होई. हातात तडफडली ती मामूंची, पाण्यातच मान टाकली ती अण्णांची. या वाटणीवरून दोघांत कधी वाद झाल्याचं मला आठवत नाही. परत येताना मामू दारातूनच आजीला ओरडून सांगत, "माजी, आज तीनइच मिले!" आणि आजी आतून, दिसणारही नाही अशा बेताने, "बरं बरं, तिकडंच बसा" म्हणे. चहा मात्र तीच पाठवायची.

या शिकारीला पंचांगही सोयीचं होतं. उत्तरेकडची बदकं आपल्याकडे उतरतात ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात. आषाढीला धरलेला चातुर्मास कार्तिकी एकादशीला सुटतो तोही त्याच सुमारास. म्हणजे ज्यांनी चार महिने वशाट वर्ज्य केलेलं असे, त्यांचा उपास आणि पाखरांचा प्रवास जवळजवळ एकाच आठवड्यात संपे. पुढे मार्गशीर्षात चंपाषष्ठी, फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक दर्ग्याचा उरूस, आणि शिमगा आला की पाणी आटलेलं, पाखरं गेलेली. पातेलं पुन्हा माळवदावर.

अण्णांना सगळ्या मुर्गाब्या ओळखता येत. फावड्यासारख्या चोचीचा तो थापट्या. शेपटीला लांब टोक असलेलं ते तलवार बदक. शिटी घालत उडणारी अडई. ही कुठून लांबून येणारी नव्हे, इथलीच. आणि इथलंच आणखी एक, हळदी-कुंकू बदक. काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा ठसा, मुळाशी दोन तांबडे ठिपके. हे नाव ठेवणारी व्यक्ती नक्की बाईच असणार, असं मला आजही वाटतं. आणि त्याच पक्ष्याला आमच्या घरातल्या सवाष्णींनी हात लावायचा नाही! सकाळी हळदी-कुंकवाला शेजारी जायचं आणि संध्याकाळी हळदी-कुंकू शिजत असेल तर पदर नाकाला लावून खिडकी ओढून घ्यायची.

त्या खिडकीच्या फटीतून मी जे पाहिलं तेवढंच माझं ज्ञान. अण्णा पिसं उपटत बसायचे नाहीत. ते सदरा काढावा तशी कातडी पिसांसकट ओढून काढत आणि ती कुत्र्यांना जाई. कातडीत चरबी, आणि चिखलाचा, माशाचा सगळा वशेळ वास त्या चरबीत, असं त्यांचं म्हणणं. दवाखान्यात काम केल्यामुळे असेल, पण त्यांचा हात साफ होता. मग तुकडे, हळद, मीठ, भरपूर लसूण, करडईचं तेल, भाजलेलं खोबरं आणि काळा मसाला. दोन-अडीच तास जळण. दात लागेना म्हणून पुन्हा अर्धा तास. जेवताना कुणाच्या तरी दाताखाली छर्रा यायचा आणि तो ताटलीत टण्ण वाजायचा. ज्याच्या वाट्याला छर्रा त्याचा नेम चांगला, असं काहीतरी ते म्हणायचे. शिशाचा छर्रा पोटात जाणं चांगलं नाही हे मी पुढे मुलींना शिकवत होते, तेव्हा मला हे टण्ण हटकून आठवे.

मग कोंबडी पाळली तशी बदकं का नाही पाळली? हा प्रश्न मला फार उशिरा, नोकरीतून निवृत्त झाल्यावर पडला. आणि त्याचं उत्तर मला वालूरला, बारवेच्या पायऱ्यांवर उभी असताना मिळालं.

सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी पाहावी. पायऱ्या गोल फिरत फिरत खाली जातात, वरून बघितलं तर भोवळ यावी अशा. आमच्या जिंतूर तालुक्यात चारठाण्याला जुन्या देवळांच्या सोबतीला बारव आहे. मराठवाड्यात गावोगाव असं आहे, कारण आमचं पाणी खोल आहे. काळ्या रानाखाली, दगडाखाली. माणसाने पायऱ्या उतरून त्याच्याकडे जायचं. तिकडे गोदावरी उतरून तेलंगणात गेलं की उलटं. काकतीयांनी पाखाल, रामप्पा असे मोठमोठे तलाव बांधले, त्यांच्याखाली धानाची शेतं पसरली. पाणी उथळ, पसरट, उजेडात. आपल्याकडे पूर्वेला भंडारा-गोंदियाच्या झाडीपट्टीतही तसंच, मालगुजारी तलाव आणि धान. बदकाला हेच लागतं. धान कापल्यावर चिखलात सांडलेले दाणे, गोगलगाई, किडे. यावरच केरळ, आंध्र, तमिळनाडूतले बदकवाले हजार-हजार बदकांचे कळप घेऊन शेतोशेत फिरतात. आमच्याकडे ज्वारी, कापूस, तूर. कापसाच्या रानात बदकाने काय खावं? आणि बारवेत पडलं तर वर कसं यावं?

२०१९ च्या पशुगणनेत देशात साडेतीन कोटींच्या थोडी कमी बदकं मोजली गेली, कोंबड्यांसह सगळे पाळीव पक्षी मिळून पंच्याऐंशी कोटींवर. बदकांत पश्चिम बंगाल, आसाम, केरळ पुढे. भाताची रानं जिथे, बदकं तिथे. यात महाराष्ट्राचं नाव शोधत बसायला नको.

म्हणून आमच्या जिल्ह्यात बदक पाळीव झालं नाही, शिकारच राहिलं. ते आकाशातून यायचं आणि बंदुकीतून ताटात. शिकारीचं मांस बाईच्या चुलीवर सहसा येत नाही. ते पुरुषांच्या मर्दुमकीचं असतं, उघड्यावर शिजतं, मोजक्या लोकांत संपतं. जुन्या पोथ्यांतही ते राजाच्याच पंगतीला आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्याने 'मानसोल्लास' रचला, तेव्हा आमचा मुलूखही चालुक्यांच्याच छत्राखाली. त्यात शिकारीची, ससाण्यांच्या खेळाची प्रकरणं आहेत आणि राजाच्या जेवणाचंही. पाण्यावरच्या पक्ष्यांचं मांस स्निग्ध आणि पचायला जड, लाव्याचं हलकं, असा निवाडा आयुर्वेदाने त्याच्याही आधी देऊन ठेवला होता. आमच्या भागात आजाऱ्याला लाव्याचं सूप देत, मुर्गाबीचं कधी नाही, त्याचं मूळ बहुधा तिथेच. १९३१-३२ मध्ये सालीम अलींनी निजाम राज्यातल्या पक्ष्यांची मोठी पाहणी केली. त्या काळी पक्षी-अभ्यासकाच्या खांद्यालाही बंदूक असे. पक्षी ओळखायचा तर तो आधी पाडायचा, ही अण्णांची रीत तेव्हा शास्त्राचीही होती.

१९६८ साली येलदरीचं धरण पूर्ण झालं. मी तेरा वर्षांची होते. पूर्णेचं पाणी पसरत पसरत क्षितिजाला टेकलेलं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला भीतीच वाटली. आमच्याकडे पाणी असं सताड उघडं कुणी ठेवलेलं नव्हतं. पुढे १९७६ मध्ये जायकवाडीचं लोकार्पण झालं आणि डाव्या कालव्याचं पाणी पाथरी-परभणीकडे आलं. म्हणजे ज्या उथळ पसरट पाण्यासाठी बदकं हजारो मैल येतात, ते पाणी आमच्या जिल्ह्याला शेकडो वर्षांत पहिल्यांदा मिळालं. मामू खूश. आता डोह शोधत फिरायला नको.

पण मध्ये १९७२ आलं.

बहात्तर म्हटलं की मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात अजून आवाज बदलतो. रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायका, सुकडीच्या रांगा, परदेशातून आलेली ती तांबडी मिलो ज्वारी, जिची भाकरी थापता थापता फाटायची. अण्णांनी नेमकी त्याच्या आदल्या वर्षी कुठूनशी सहा पाळीव बदकं आणली होती. शिकार नको, पाळून बघू, असा विचार. हौद त्यांनी घाण केला, अंगणाचा चिखल केला, अंडी मात्र कोंबडीच्या दीडपट मोठी दिली. आजी ती अंडी बघून तोंड फिरवायची. उन्हाळ्यात आडाला तळ दिसला तेव्हा तिने एकच वाक्य टाकलं, "माणसाला प्यायला नाही अन् तुझ्या पाखरांना पोहायला पायजे व्हय रं?" अण्णांनी दुसऱ्या दिवशी सहाही बदकं बाजारात नेऊन दिली. आमच्या घराण्याचा बदकपालनाचा इतिहास तेवढाच.

त्याच १९७२ मध्ये, मे महिन्यात, परभणीला कृषी विद्यापीठ झालं, त्याच वर्षी पशुवैद्यक महाविद्यालयही. आणि सप्टेंबरात वन्यजीव संरक्षण कायदा आला. पुष्कळांना वाटतं की त्या दिवसापासून शिकार बंद झाली. तसं नव्हतं. वाघ-चित्त्यांना पूर्ण संरक्षण मिळालं, बदकं मात्र परवान्यावर मारता येण्याजोग्या छोट्या शिकारीत राहिली. दार पुरतं लागलं ते १९९१ च्या दुरुस्तीने. पण परवाना, त्याचे कागद, त्यासाठीचे हेलपाटे हे मामूंसारख्या माणसाला कुठून झेपणार? शिवाय दुष्काळात पाणी नव्हतं, पाखरं नव्हती, दोघांचीही उमेद गेली होती. ठासणीची बंदूक त्यांनी जमा करून टाकली. त्यानंतर मामू यायचे ते नुसतेच, हात हलवत, आणि ओसरीवर बसायचे. पाणी आलं आणि पक्षी ताटातून गेला, दोन्ही त्याच पाच-सात वर्षांत. मला यात वाईट वाटत नाही. येलदरीच्या पाण्यावर थंडीत उतरलेला थवा बघताना तो कुणाच्या पातेल्यात नाही याचं बरंच वाटतं. फक्त स्वयंपाकाची एक रीत त्याच्याबरोबर गेली, आणि ती लिहून ठेवायला कुणी बाई तिथे नव्हती, एवढी माझी तक्रार.

कोंबडीचं तसं झालं नाही. तीही आमच्याकडे अंगणातच शिजायची. पण ब्रॉयलर आली, कुकर आला, आजी गेली, आणि ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास कोंबडी गपचूप उंबरा ओलांडून गॅसवर आली. कधी आली ते सांगताही येणार नाही.

आता यंदाच्या जानेवारीची गोष्ट. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा हैदराबादला नोकरीला आहे. तो देवगिरी एक्स्प्रेसने आला आणि पिशवीतून बर्फ भरलेला थर्माकोलचा डबा काढला. "मावशी, ओळख." आत प्लास्टिकमध्ये आवळलेले दोन जाड तुकडे. एका बाजूला मटणासारखं लालभडक मांस, दुसऱ्या बाजूला बोटाच्या पेराएवढी पांढरी चरबी, वर कातडी. बदकाची छाती. पाळीव, पेकिन जातीचं. ही चिनी जात १८७३ मध्ये अमेरिकेत गेली आणि तिथून जगभर पसरली. म्हणजे अंकलिपीतलं पांढरं बदक शेवटी आमच्या घरी आलं होतं, तेही निम्मंच.

छाती वेगळी काढून शिजवायची ही कल्पनाच मला परकी. अण्णा अख्ख्या पक्ष्याचे तुकडे करत. पण वाचल्यावर कळलं की फ्रान्समध्येही हे फार जुनं नाही. गास्कनी भागातल्या ऑश गावच्या आंद्रे दागँ या हॉटेलवाल्याने १९६० च्या आसपास बदकाची छाती बीफच्या तुकड्यासारखी नुसती तव्यावर भाजून वाढायला सुरुवात केली. त्याआधी तिथले शेतकरी बदकाचं मांस त्याच्याच चरबीत शिजवून बरण्यांत भरून ठेवत. मामू पूर्णेच्या काठावर पालथे पडलेले असायचे, साधारण तेव्हाच तिकडे ही नवी रीत निघत होती. मला जरा धीर आला.

आणि गंमत बघा, या पाककृतीचा सगळा जीव कातडीत. जी आमच्याकडे कुत्र्यांना जायची.

रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून तुकडे सैल केले. फडक्याने अगदी कोरडे पुसले. धारदार सुरीने कातडीवर शंकरपाळ्याच्या आकाराच्या खाचा पाडल्या. चरबीत जायच्या, मांसाला लागायच्या नाहीत. मीठ आणि जरा मिरपूड. मसाला नाही, भाचा हात धरून बसला होता. मग बिडाचा तवा. इथे माझ्या पन्नास वर्षांच्या सवयीला धक्का: तवा थंड हवा आणि तेलाचा थेंब नको. थंड तव्यावर कातडी खाली करून तुकडा ठेवायचा आणि गॅस बारीक. तवा तापेल तशी चरबी वितळते आणि मांस स्वतःच्याच तुपात तळलं जातं. पाच मिनिटांत तव्यात डबकं झालं. ते चमच्याने वाटीत काढत राहायचं. पंधरा मिनिटांनी कातडी खरपूस, तांबूस, चकलीसारखी कुरकुरीत. मग उलटून मांसाची बाजू.

इथे आमचं भांडण झालं. भाच्याचं म्हणणं, तीन-चार मिनिटांत उतरव, आत गुलाबी राहिलं पाहिजे, हॉटेलात तसंच देतात. मी म्हटलं, "हॉटेलवाल्यानं मुरुंबा पाह्यला नसंल."

मुरुंबा परभणी तालुक्यातलंच. २०२१ च्या जानेवारीत तिथे दोन-तीन दिवसांत आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या, नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लू निघाला. गावाभोवतालच्या कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, दहा किलोमीटरच्या टापूत विक्री बंद. ज्या बायकांच्या दारात दहा-वीस गावरान कोंबड्या होत्या त्यांचं काय झालं असेल ते आकड्यांत येत नाही. देशात हा रोग पहिल्यांदा सापडला तोही महाराष्ट्रातच, २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला. आणि या विषाणूचं मूळ बिऱ्हाड रानबदकांत. ती तो घेऊन फिरतात, स्वतः पुष्कळदा ठणठणीत राहतात. सत्तर अंशांच्या पुढे तो टिकत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतली सवय म्हणून माझ्याकडे टोकदार थर्मामीटर आहे. तो मी छातीच्या मधोमध खुपसला आणि ७४ दिसेपर्यंत तवा उतरवला नाही. मांस गुलाबी राहिलं नाही, थोडं घट्ट झालं. चालतं. आठ मिनिटं ताटलीवर झाकून ठेवलं, म्हणजे रस आत मुरतो, आणि मग मांसाच्या धाग्यांना आडवे पातळ काप केले.

चव? मुर्गाबीची नव्हे. तो चिखलाचा वास नाही, काळा मसाला नाही, धूर नाही. मटण आणि कोंबडीच्या मधलं काहीतरी, आणि वर ती कुरकुरीत कातडी. तिकडे याच्याबरोबर संत्र्याचा आंबटगोड रस्सा करतात. मी कवठाची चटणी वाटली, गूळ आणि जिरं घालून. चरबीला असंच काहीतरी आंबटगोड लागतं, आणि जानेवारीत परभणीत कवठ सोडून दुसरं काय आठवणार?

भाचेसून ताटाकडे बघत बसली होती. बाळंतपणानंतर तिचं हिमोग्लोबिन नऊवर आलेलं. तिला चरबीची धास्ती. तेव्हा मी चष्मा लावून अमेरिकेच्या कृषी खात्याचा पोषण-तक्ता उघडला. शिकवण्याची खोड जात नाही. कातडीसकट अख्खं कच्चं बदक घेतलं तर शंभर ग्रॅमला ४०० कॅलरी आणि ३९ ग्रॅम चरबी, म्हणजे आयुर्वेद म्हणतो तसं जडच. पण त्याच पेकिन बदकाची शिजवलेली छाती, कातडी काढून, शंभर ग्रॅमला १४० कॅलरी, २७ ग्रॅमच्या वर प्रथिनं, चरबी अवघी अडीच ग्रॅम. कोंबडीची छाती १६५ कॅलरी, ३१ ग्रॅम प्रथिनं. इथपर्यंत बरोबरी. फरक लोहात. कोंबडीच्या छातीत एक मिलिग्रॅम, बदकाच्या छातीत साडेचार. कारण साधं आहे. कोंबडी कुंपणापर्यंत उडते. बदकाचे पूर्वज डोंगर ओलांडत आले. उडायच्या स्नायूला प्राणवायू धरून ठेवायला लोहयुक्त लाल द्रव्य लागतं, म्हणून ती छाती लाल.

बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं असं आपली वैद्यक संशोधन परिषद सांगते, आणि २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्त कमी निघालं. लोह ज्वारीतही असतं. आमच्या विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर काढलेल्या 'परभणी शक्ती' वाणात तर मुद्दाम वाढवलेलं आहे. पण धान्यातलं लोह अंगी लागायला कुरकुर करतं. त्याच घासाला मांस असलं की तेही बऱ्यापैकी मुरतं. म्हणून मी तिला कातडी बाजूला काढून काप दिले, सोबत ज्वारीची भाकरी आणि वरून लिंबू. कातडी भाच्याने आणि मी वाटून खाल्ली. माझं कोलेस्टेरॉल मला माहीत आहे, वर्षातून एकदा.

आमच्या त्या जुन्या घरातल्या बायकांनी कधी तक्ता पाहिला नाही. पण ज्या मांसात सगळ्यात जास्त रक्त होतं, ते ज्यांचं रक्त सगळ्यात कमी त्यांच्यापर्यंत कधी पोचलं नाही, हे त्या रात्री माझ्या मनातून जाईना. आजीचं सोडा, तिची माळ होती. माझ्या आईला माळ नव्हती. खिडकी मात्र तीच लावायची.

वाटीत अर्धी वाटी पिवळसर चरबी साचली होती. निम्मी चरबी ऑलिव्ह तेलातल्या जातीची, बाकीचीत तुपासारखी बरीच. तेव्हा करडईच्या तेलाला पर्याय नव्हे, पण चमचाभर चवीला हरकत नाही. गाळून स्टीलच्या डब्यात भरली. दुसऱ्या दिवशी तिच्यात वांग्याच्या फोडी परतल्या, मीठ आणि लसणाची चटणी भुरभुरली, आणि भाचा म्हणाला की बदकापेक्षा वांगंच भारी झालंय.

तो गेल्यावर ओटा आवरताना डबा दिसेना. फ्रिजमध्ये नाही, मांडणीवर नाही, तेलाच्या कप्प्यात नाही. शेवटी सापडला मागच्या गॅलरीत, झाडूच्या वरच्या फळीवर. मीच ठेवला होता, रात्री, उपड्या पातेल्याने झाकून.